अकरा चाली

"अक्का, फिल्म सोसायटीला वकिलाची नोटीस गेलीय," कडक भाकरीचा तुकडा मोडत शिवू म्हणाला. "तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून सांगतोय."

भुवनेश्वरी शेंगाचटणी वाढत होती. ती त्याच्या ताटापाशी येऊन थांबली होती, पण चटणी तिने वाढली नाही.

"कुणाची नोटीस?"

"माझी. वारस म्हणून."

अप्पांचं दुसरं पुण्यस्मरण होतं. सकाळपासून साठेक माणसं गव्हाची गोड हुग्गी आणि भरली वांगी जेवून गेली होती. स्वामींची पूजा झाली होती, त्यांना रिक्षात बसवून दिलं होतं. ही शेवटची पंगत घरच्यांची. भुवनेश्वरीचा धाकटा भाऊ शिवू, त्याच्या शेजारी भजनी मंडळाचे अध्यक्ष मल्लिनाथकाका, समोर आई, म्हणजे अव्वा, आणि अप्पांची बहीण कमलात्या. शिवूची बायको श्रीदेवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती, कारण तिला मधूनमधून उठावं लागत होतं.

"काय लिहिलंय नोटिशीत?"

"कॅसेटमधली चार पदं वापरलीत. परवानगीचा कागद आणा, नाहीतर पदं काढा. दुसरं काही नाही."

रविवारी सकाळी अकराला भुवनेश्वरीचा 'काटवट' फिल्म सोसायटीतर्फे सोलापुरात पहिल्यांदा दाखवला जाणार होता; काटवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. चौऱ्याहत्तर मिनिटांचा चित्रपट, आणि तो कमलात्यावर होता. बावन्न वर्षं याच घराच्या मागच्या खोलीत पहाटे चारला चूल पेटवून कडक भाकरी थापणाऱ्या बाईवर. त्यात अप्पांच्या आवाजातली चार पदं होती. कॅसेटी अप्पांनी स्वतःच काढलेल्या, त्यामुळे त्यांच्यामागे हक्क आला तिघांकडे. अव्वा, शिवू आणि ती. भुवनेश्वरीने चोवीस वर्षं परक्या माणसांच्या सह्या आणि अंगठे घेतले होते. घरच्यांची सही घ्यावी लागते, हे काही तिला सुचलं नव्हतं.

"नोटीस म्हणजे भांडण नव्हे, बाळ," मल्लिनाथकाका म्हणाले. "चर्चेचं आमंत्रण समज."

"चर्चेला फोन करतात, काका. वकील लावत नाहीत."

"तुझा फोन लागतो का? हिमाचलात म्हणे, केरळात म्हणे."

"आता लागलाय. बोला."

काकांनी ताक संपवलं, मिशी पुसली. चाळीस वर्षं त्यांनी अप्पांच्या साथीला तबला धरला होता आणि अजूनही कुठलीही गोष्ट ते समेवर आल्याशिवाय बोलत नसत. "शेवटी पाटी येते ना तुझ्या चित्रपटात, त्यावर तू लिहिलंयस, शब्द गुरुबसप्पा, चाली कमलम्मा. हे शिवूनं पाहिलं, मला दाखवलं. आता सांग, रविवारीच संध्याकाळी पाचला मंडळाच्या सभागृहाला दादांचं, तुझ्या अप्पांचं नाव लागणार. संगीतरत्न गुरुबसप्पा सभागृह. पाटी रंगवून तयार आहे. सकाळी अकराला तू सांगणार की चाली त्यांच्या नव्हत्याच."

"शब्द त्यांचे होते. ते लिहिलंय मी."

"शब्दासाठी कुणी संगीतरत्न होतं का?" शिवू म्हणाला. "अकरा चाली आहेत त्यांच्या. तेवढीच त्यांची कमाई. दुकान चाललं नाही, राजकारण जमलं नाही. गावोगावच्या भजनात अजून त्या अकरा चाली गातात. त्या तू काढून घेतल्यास तर उरलं काय?"

"मी काढून घेत नाही. लहानपणी चुलीपाशी त्या मी आत्याच्याच तोंडून ऐकल्यात. ज्याच्या आहेत त्याला देते."

"चित्रपटवाले असंच बोलतात."

सोलापुरात कुणी शिवूला विचारलं, तुमची बहीण करते काय, तर तो 'स्वतंत्र आहे' एवढंच सांगायचा. ऐकणाऱ्याला ते लग्नाविषयी वाटायचं आणि विषय तिथे मिटायचा. बाविसाव्या वर्षी ती पुण्याला गेली. जाहिरातींच्या स्टुडिओत आवाजातली खरखर साफ करायचं काम केलं, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवला, शाळेत पोरांना सरगम शिकवली. पहिला चित्रपट यंत्रमागावर काम करणाऱ्या बायांवर, उसन्या कॅमेऱ्याने. दुसरा श्रीपूरच्या कारखान्यावर येणाऱ्या ऊसतोडणीच्या बायांच्या गाण्यांवर. तो तिने स्वतःच चित्रित केला, स्वतःच कापला, त्याचं पार्श्वसंगीत स्वतःच वाजवलं, आणि प्रोजेक्टर गाडीत घालून कॉलेजा-कॉलेजांत स्वतःच दाखवला. तिसऱ्याला परदेशात बक्षीस मिळालं तेव्हा इथल्या पेपरात चौथ्या पानावर बातमी आली, 'गुरुबसप्पांच्या कन्येचा गौरव'. तिचं नाव तिसऱ्या ओळीत होतं, आणि तेही चुकीचं छापलेलं.

चित्रपटाच्या शेवटी प्रत्येक गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यायचंच, हा तिचा नेम होता. एकदा केम स्टेशनवर भेटलेल्या एका म्हातारीचं नाव टिपून घ्यायचं राहिलं. भुवनेश्वरी त्या एका नावासाठी पुन्हा केमला गेली, दोन दिवस राहिली, म्हाळसाबाई हे नाव घेऊन परत आली. आणि आता तिला घरात सांगत होते, की नाव लिहू नकोस.

"मी मार्ग काढलाय," काका म्हणाले. "दादांचं नाव नको, कमलाचंही नको. 'चाल : पारंपरिक' असं लिही. शिवू आत्ता सही करेल. दोन्ही कार्यक्रम थाटात होतील. कुणाला दुखणं नाही."

"परंपरा म्हणजे कोण, काका?"

"अगं, परंपरा म्हणजे..."

"कुठं राहते ती? पत्ता द्या. मी जाऊन तिची सही घेऊन येते."

श्रीदेवी उंबऱ्यावर हसली. शिवूने मान वळवली, तरी ती उठली नाही.

"हसण्यासारखं काय आहे?"

"मी बोलू का?" श्रीदेवीने विचारलं. विचारून झाल्यावर परवानगीची वाट तिने पाहिली नाही. "मी या घरात आले तेव्हापासून आत्यांच्या हाताखाली भाकरी थापते. आता आत्यांना जमत न्हाय, तर मी आन् सहा बाया थापतो. स्मरणिकेत काकांचा लेख हाय ना, 'गुरुबसप्पांचा दम'? दोन पानी? मी वाचला."

"वाचला ना. मग कळलं असेल," काका म्हणाले.

लेख सगळ्यांना माहीत होता. अप्पांच्या अकराही चालींत धृपदाच्या दुसऱ्या ओळीनंतर एक ठोका रिकामा जायचा. तबला थांबायचा, टाळ थांबायचे, मग पुन्हा सगळं एकदम उचललं जायचं. मंडळ त्याला 'अप्पांचा दम' म्हणायचं. तो शिवाचा श्वास आहे, सृष्टी त्या क्षणी थांबते आणि पुन्हा सुरू होते, असं काकांनी लिहिलं होतं. अक्कलकोटच्या एका मास्तरांनी त्यावर व्याख्यानही दिलं होतं.

श्रीदेवीने समोरचा रिकामा पाट ओढला आणि त्यावर दोन्ही तळहातांनी थापायला सुरुवात केली. थापता थापता तिने अप्पांचं पद हलकेच गुणगुणलं. "मोजा काका. सोळा थापांनी भाकरी निम्मी होती, मग ती फिरवायची. बत्तीस झाल्या की उचलायची." तिने न दिसणारी भाकरी दोन्ही हातांवर घेतली आणि डावीकडे, जिथे तवा असतो तिथे टाकली. पद तिथेच थांबलं. तिचे हात पाटावर परत आले तसं पुन्हा सुरू झालं. "शिवाचा श्वास न्हाय तो. तव्यावर भाकरी टाकताना हात मोकळे नसतेत. ताल कशानं धरणार?"

काकांची बोटं मांडीवर हलली. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. चाळीस वर्षांचा तबलजी. त्याला दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती. मग त्यांनी हात मांडीखाली घेतला.

"तू आत जा," शिवू म्हणाला.

"आत म्हंजे कुटं? मी आतच बसलीय."

"साकु," अव्वा म्हणाली. पुरे, एवढाच त्याचा अर्थ, पण अव्वा कानडीवर आली की घरातलं बोलणं थांबायचं. सावित्रम्मा ऐंशीची होती. सकाळपासून ती नवऱ्याच्या फोटोसमोर बसून आलेल्यांचे नमस्कार घेत होती आणि ताटातली हुग्गी तशीच होती.

सगळ्यांनी कमलात्याकडे पाहिलं. ती पंच्याहत्तरीची, अंगाने काटकुळी. सहा वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिचा आवाज कोरडं पान चुरगाळल्यासारखा यायचा. गाणं तेव्हाच गेलं होतं.

"राहू दे गं भुवना," ती म्हणाली. "काका म्हणतेत तसं लिही."

"आत्या, तू असं म्हणू नकोस."

"ऐक तर. गुरूदादानं काय चोरी केली न्हाय. त्येची खाट भिंतीच्या पल्याड, माझी चूल अल्याड. मदी एका इटंची भिंत. मी चारला थापायला बसायची, तोंडात कायतरी गुणगुण चालायची. त्यो अर्धा झोपेत असायचा. सकाळी उठला की म्हणायचा, कमळे, आज सपनात चाल आली. पेटीवर वाजवून दावायचा. मला हसू यायचं. पण येवढा खुशीत असायचा की. सांगितलं असतं तर माणूस मोडला असता. रेडिओवर बी त्यानं त्येच सांगितलं, पहाटंला देव चाल देतो. त्येला खरंच तसं वाटायचं. मेला तवर वाटायचं. खोटं बोलला न्हाय त्यो. मग आता मेल्यावर त्येला खोटं कशाला पाडायचं?"

शिवूचा चेहरा सैल पडला. "ऐकलंस, अक्का? आत्याच म्हणतेय."

भुवनेश्वरीचा राग ज्या गोष्टीवर उभा होता तीच आत्याने अलगद बाजूला ठेवली होती. झोपेत ऐकलेलं स्वप्न समजणाऱ्या माणसावर किती चिडायचं? काका खिशातून परवानगीचा कागद काढत होते. तो ते तयार करूनच आले होते, 'चाल : पारंपरिक' हे शब्द टाईप करून.

"त्यांना ठाऊक होतं," अव्वा म्हणाली.

काकांचा हात खिशातच राहिला.

"काय ठाऊक होतं?" शिवूने विचारलं.

"चाली कुणाच्या हायत ते. कॅसेट निघाली त्या वर्साला मी सांगितलं. सत्त्याऐंशीला. कव्हरवर काय छापायचं म्हणून कागद घेऊन बसले हुते. मी म्हणले, अवो, सपनं न्हाईत ती, कमळी थापताना म्हणते. एक दिवस चार वाजता उठा आन् भिंतीला कान लावा. ते उठले. दोन दिवस उठले. तिसऱ्या दिवशी म्हणले, सावित्री, कमळीचं नाव कव्हरवर आलं तर लोक इचारतील, नवरा कुटंय हिचा. नको. आन् सपनाचं सगळ्यास्नी सांगून झालंय."

"अव्वा, आज त्यांचं पुण्यस्मरण आहे," शिवू म्हणाला.

"म्हणून तर आठवलं."

कमलात्याने ताटातला हात धुतला. ताटातच धुतला, पाणी घालून, जेवण संपल्यासारखा. "म्हंजे त्येला ठावं होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् तुला बी."

"मला बी."

"छत्तीस वर्सं," आत्या म्हणाली. कुणी हिशेब केला नव्हता, पण आकडा बरोबर होता. "दर सोमवारी भजन झालं की माझ्याकडं बघून हसायचा. मला वाटायचं, खुशीत हाय. मी पडद्यामागं चहा गाळत उभी असायची. मनात म्हणायची, राहू दे बिचाऱ्याला. मी त्येला जपत हुते, सावित्री. आन् त्यो मला चुकवत हुता." तिचा आवाज आता आणखी बारीक झाला होता, ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागत होतं. "नवरा कुटंय म्हणून लोक इचारतील. नवऱ्यानं टाकलेली बाई दोनशे भाकरी थापून घर चालवते, ह्ये लोकांना चालत हुतं. चाल बांधते, ह्ये चालत न्हवतं व्हय?"

"मी तेव्हा बोलायला पायजे होतं," अव्वा म्हणाली.

"तेव्हा न्हाय बोललीस. आता तरी बोललीस. पर त्येच्यानं माझं तोंड गोड व्हायचं न्हाय." मग ती भुवनेश्वरीकडे वळली. "पारंपरिक लिहू नकोस. त्येचं नाव लिहायचं तर लिही, तो निदान माणूस हुता. पर पारंपरिक नको. काटवटीवर मी बसत हुते, परंपरा न्हवती बसत."

मल्लिनाथकाका उठले. सभागृहाची फुलं सांगायची आहेत म्हणाले. चपला घालताना ते श्रीदेवीपाशी थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बत्तीसच होतात गं." पण कागद त्यांनी शिवूच्याच हातात दिला, आणि पाटी बदलण्याविषयी एक अक्षर काढलं नाही.

"आता तरी सही कर," भुवनेश्वरी भावाला म्हणाली. "शब्द गुरुबसप्पा, चाली कमलम्मा. तुझ्यादेखत सगळं बोलून झालंय."

"घरात बोलून झालंय. घरातलं घरात."

"म्हणजे खरं आहे हे तुला मान्य आहे?"

"मान्य असेल नाहीतर नसेल. रविवारी संध्याकाळी स्टेजवर मला गायचंय. अप्पांच्या चाली म्हणून. मंडळाची तीनशे माणसं समोर असतील. सकाळी तू हे दाखवलंस तर मी कुठल्या तोंडाने गाऊ? नंतर बघू. पुढच्या वर्षी लिही. आत्या कुठं चालली नाही."

"पंच्याहत्तर आहे तिचं वय."

"मी सही करणार नाही, अक्का."

अव्वाने पेन मागितलं. शिवूच्या हातून तिने काकांचा कागद घेतला, त्यावर 'पारंपरिक' होतं म्हणून तो उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला श्रीदेवीला मजकूर लिहायला सांगितला, आणि खाली स्वतः सही केली. सावकाश, शाळेतल्या वळणाची. तिच्याखाली भुवनेश्वरीने केली. तिनांपैकी दोन सह्या झाल्या. दोन सह्यांनी नोटीस मागे जात नाही, हे शिवूला ठाऊक होतं, भुवनेश्वरीलाही.

"तू तीन दिवस माझ्या कॅमेऱ्यासमोर बसलीस," भुवनेश्वरी आईला म्हणाली. ते तिला बोलायचं नव्हतं, पण आता थांबवणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. "तीन दिवस, अव्वा. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू भाकरीचं इचारलंस. पीठ कसलं, जाळ कसला, किती दिवस टिकते. चालीचं इचारलं न्हाईस."

चोवीस वर्षांत भुवनेश्वरीच्या कामावर अनेकांनी टीका केली होती. हिच्याएवढी नेमकी कुणी केली नव्हती. ती पुढच्या खोलीत गेली आणि लॅपटॉप उघडून बसली.

चार वाजत आले होते. कॅलेंडरवर शुक्रवार होता, हातात दीड दिवस. पुण्यात तिच्या ओळखीची एक गायिका होती. तिला चाली ऐकवल्या तर रात्रीत पाठ करील, उद्या ध्वनिमुद्रण, परवा पहाटेपर्यंत चित्रपटात बसवता येईल. चाली आत्याच्याच, आवाज नवा, शब्द बाजूला ठेवून नुसता आलाप. शिवूच्या परवानगीचा प्रश्नच उरत नव्हता. तिने फोन हातात घेतला तेव्हा आत्या दारात उभी होती.

"कुणाला लावतीस?"

भुवनेश्वरीने सांगितलं. आत्या दिवाणाच्या कडेला बसली आणि पडद्यावर स्वतःचेच हात बघत राहिली. तिथे ती पीठ मळत होती.

"ती पोरगी चांगली गाती?"

"फार चांगली."

"मग नको. लोक म्हणतील, वा, काय आवाज हाय. माझं पुन्ना राहिलंच." तिने पदराने चष्मा पुसला. "दादाचा आवाज काढून टाकला तर काय होईल?"

"काही ऐकू येणार नाही. तुझे हात दिसतील, थापताना. आवाज नसेल."

"थापायचा बी?"

भुवनेश्वरीने थोडा विचार केला. "तोही नको. पूर्ण रिकामं ठेवायचं असेल तर तोही नको."

"मग तसं ठेव."

"आत्या, लोकांना वाटेल मशीन बिघडलं."

"खाली लिहून टाक की. तुला लिहायला येतंय."

चारही जागा तिने एकेक करून काढल्या. आवाजाच्या पट्टीवरची दाट नागमोडी रेघ तिने निवडायची, कळ दाबायची, आणि तिथे सपाट ओळ उरायची. पहिल्या जागेखाली तिने अक्षरं टाकली, पुसली, पुन्हा टाकली. शेवटी वाचून दाखवलं. "चाल : कमलम्मा. ऐकवण्याची परवानगी मिळालेली नाही."

"कुणाची मिळाली न्हाय ते?"

"ते लिहीत नाही. विचारतील त्यांना तोंडी सांगेन."

"सांग."

शिवू मागे कधी येऊन उभा राहिला ते दोघींनाही कळलं नाही. त्याने वाक्य वाचलं होतं.

"हे असं दाखवणार तू?"

"यात तुझं काहीच वापरलेलं नाही. वकिलाला विचार."

"आणि अप्पांचं नाव? शब्द त्यांचे आहेत, तूच म्हणालीस."

"शब्द ऐकूच येत नाहीत, शिवू. ऐकू यायला हवे असतील तर कागद आत अव्वापाशी आहे. तिसऱ्या सहीची जागा रिकामी आहे."

तो आत गेला नाही, बाहेरही गेला नाही. पडद्यावर आत्याचे हात बत्तीसाव्या थापेला आले, भाकरी उचलली गेली, तव्यावर पडली. कशाचाच आवाज झाला नाही. लहानपणापासून पाठ असलेलं पद त्याच्या डोक्यात तिथे वाजत असणार, कारण त्याची मान आपोआप हलली आणि त्याने ती थांबवली.

"सगळं मिळून किती वेळ आहे हे?" त्याने विचारलं.

"एकोणीस मिनिटं."

"एकोणीस मिनिटं लोक गप्प बसून राहतील, असं वाटतं तुला?"

उत्तर कमलात्याने दिलं, पडद्यावरची नजर न काढता.

"बसतील की. सवय लागती."